सरकारपासून स्वातंत्र्य मिळाले, मालकापासून कोण देणार?

'उदारमतवाद' हा शब्द मराठीत ज्या कोणी रूढ केला त्याने नकळत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. उदार म्हटले की दानधर्म करणारा, हात सैल सोडणारा, चुकलेल्याला पदरात घेणारा कोणीतरी मोठा माणूस डोळ्यांसमोर येतो. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, हे शब्दातच गृहीत धरले गेले. वास्तविक युरोपात या विचाराला जे नाव पडले ते 'मुक्त' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. औदार्याशी त्याचा संबंध नव्हता. राजाने मनमानी करू नये, कायद्याशिवाय कोणाला तुरुंगात टाकू नये, कोणी कोणता धर्म पाळावा यात सत्तेने नाक खुपसू नये, असे बजावणारा तो विचार होता. त्यात १९९१ नंतर 'उदारीकरण' हा दुसरा शब्द येऊन बसला आणि गोंधळात भरच पडली. आता उदारमतवादी म्हणजे सरकारी कारखाने विका म्हणणारा, की सरकारने विनाचौकशी कोणाला डांबू नये म्हणणारा, हे सामान्य वाचकाला कळेनासे झाले आहे.

आपल्या चळवळीत या विषयावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे हे पोट भरलेल्या सवर्णांचे चोचले आहेत. ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याला मिल आणि लॉक घेऊन काय करायचे? दुसरे मत असे की, बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले, जॉन ड्यूईंचे विद्यार्थी होते, तेव्हा ते उदारमतवादीच होते. झाले, विषय संपला. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. बाबासाहेबांनी या तत्त्वज्ञानातून पुष्कळ काही घेतले आणि त्यातले भगदाडही त्यांनीच स्वच्छपणे दाखवून दिले. ते भगदाड आज पुन्हा मोठे होत चालले आहे, आणि त्यातून पडणारी माणसे बहुतेक आपलीच आहेत. म्हणून या विषयाकडे पाहणे भाग आहे.

आधी या तत्त्वज्ञानाच्या बापजाद्यांकडे पाहू. जॉन लॉकचा राज्यसत्तेवरील प्रसिद्ध ग्रंथ १६८९ साली बाहेर आला. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे त्याचे निसर्गदत्त हक्क आहेत आणि ते राखण्यासाठीच लोक सरकार निर्माण करतात, हे त्याचे म्हणणे. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत या विचाराचा प्रवास झाला. परंतु हाच लॉक अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता. १६६९ साली त्या वसाहतीसाठी जी घटना तयार झाली तिच्या कामात त्याचा हात होता, आणि त्या घटनेने प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता बहाल केली होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसेही गुंतलेले होते. राजाची सत्ता मर्यादित असावी, पण गुलामाच्या धन्याची अमर्याद असली तरी चालेल, हा विरोधाभास या तत्त्वज्ञानाच्या जन्मापासूनच त्याच्या अंगाला चिकटलेला आहे.

जॉन स्टुअर्ट मिलचे तसेच. 'ऑन लिबर्टी' हा त्याचा ग्रंथ १८५९ चा. दुसऱ्याचे नुकसान होत नाही तोवर माणसाच्या वागण्यात समाजाने किंवा सरकारने हात घालू नये, हे तत्त्व त्याने इतक्या ताकदीने मांडले की आजही त्याला तोड नाही. मात्र मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही, हेही त्याने त्याच ग्रंथात लिहून ठेवले. तो १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानचा कारभार कागदावर चालवणारा माणूस स्वातंत्र्याचा महान ग्रंथ लिहितो आणि हिंदुस्थानला त्यातून वगळतो! तरीही मिलला सरसकट निकालात काढता येत नाही. एक तर स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी त्याने १८६७ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केली, तेव्हा सभागृहात त्याची टवाळी करणारे पुष्कळ होते. आणि दुसरे म्हणजे, जुलूम फक्त सरकारच करते असे नाही, समाज स्वतःच जुलमी होऊ शकतो, आणि समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमाहून भयंकर असतो कारण त्यातून सुटायला वाट राहत नाही, हे त्याने ओळखले होते. ज्याने गाववाड्यातला बहिष्कार पाहिला आहे त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. फक्त मिलच्या डोळ्यांसमोर लोकमताचे दडपण होते. जात नावाचे यंत्र त्याच्या कल्पनेत नव्हते.

पुढे औद्योगिक क्रांती आली आणि भगदाड उघडे पडले. इंग्लंडमध्ये १८४७ साली गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचे काम दिवसाला दहा तासांवर आणणारा कायदा झाला. त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत जॉन ब्राइट हा त्या काळचा थोर पुढारी होता, आणि तो स्वतः गिरणीमालक होता. त्याचे म्हणणे काय, तर मालक आणि कामगार यांच्यातील कराराच्या स्वातंत्र्यात सरकारने पडू नये. अमेरिकेत हे नाटक आणखी मोठ्या रंगमंचावर झाले. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतील कामगारांचे काम दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांवर मर्यादित केले होते. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. कारण? कामगाराला साठ तासांहून अधिक राबण्याचे जे 'स्वातंत्र्य' आहे त्यावर कायद्याने गदा येते म्हणून! भट्टीपुढे चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने हे स्वातंत्र्य मागितले होते काय, असे न्यायालयाने कोणालाही विचारले नाही. ही विचारसरणी तेथे १९३७ पर्यंत टिकली. म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत होते तेव्हा हाच कायदा अमलात होता.

उदारमतवाद्यांतच याविरुद्ध बंड झाले, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्सफर्डच्या टी. एच. ग्रीनने १८८१ साली कराराच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देऊन सांगितले की, केवळ बंधन नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, काही करण्याची ताकद असणे म्हणजे स्वातंत्र्य. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकवणाऱ्या हॉबहाउसने १९११ साली तोच विचार पुढे नेला. आणि इंग्लंडमधील उदारमतवादी पक्षाच्या सरकारने १९०८ साली म्हाताऱ्यांना पेन्शन आणि १९११ साली कामगारांना विमा दिला. म्हणजे या विचाराला सुधारण्याची अक्कल होती. आपल्याकडचे जे लोक आज उदारमतवादाच्या नावाने सरकारने हात झटकावेत म्हणतात, ते या विचाराचा एकशेवीस वर्षांपूर्वीचा, त्याच्याच घरातून हाकलून दिलेला अवतार आपल्या गळ्यात मारत आहेत.

आता महाडला या. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पुस्तकी उदारमतवादाच्या हिशेबाने येथे स्वातंत्र्य पूर्ण झाले. सरकार आडवे येत नव्हते, कायदा आडवा येत नव्हता. पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर उतरले तेव्हा ते पाणी प्याले, आणि त्यानंतर काय झाले? डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली. त्यांचा दावा काय होता हे पुष्कळांच्या लक्षात नसते. त्यांचा दावा होता की हे तळे स्पृश्यांच्या खासगी मालमत्तेसारखे आहे, आणि अस्पृश्यांना येथे येऊ न देण्याचा पूर्वापार रिवाज आहे.

खासगी मालमत्ता आणि रिवाज! लॉकचा निसर्गदत्त हक्क आणि मनूचा दंडक, दोघांना हातात हात घालून महाडच्या कोर्टात उभे केले गेले. तो दावा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, म्हणजे दहा वर्षांनी. बाबासाहेब जिंकले. पण हायकोर्टाने काय म्हटले? वादींना अनादी काळापासूनचा रिवाज सिद्ध करता आला नाही, असे म्हटले. माणूस आहे म्हणून त्याला पाण्याचा हक्क आहे, असे काही त्या निकालाचे कारण नव्हते. उद्या कोणी रिवाज सिद्ध केला असता तर?

जुलमाची सगळी हत्यारे सरकारकडे नसतात, हे बाबासाहेबांना महाडने शिकवले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. साताऱ्याच्या शाळेत पाण्याचा घोट वरून ओतला जाई तेव्हाच ते त्यांना कळले होते. महाडने त्याला कायद्याच्या भाषेत बसवले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कमिटीच्या अहवालात बहिष्काराचे जे वर्णन आहे ते वाचावे. मजुरी बंद, वाण्याकडून माल बंद, वाट बंद. यात सरकारने कोणाला अटक केली नाही, कोणाला भाषण करण्यापासून रोखले नाही. प्रत्येक गावकऱ्याने फक्त आपापले 'स्वातंत्र्य' वापरले. कोणाला कामाला ठेवायचे, कोणाला मीठ विकायचे हे ज्याच्या त्याच्या मर्जीचे! आणि त्या स्वातंत्र्यांची बेरीज म्हणजे एका वस्तीची उपासमार.

येथे मुंबई विधानसभेतील १९३८ सालचा प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो आजच्या घटकेला फार उपयोगाचा आहे. काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ सत्तेवर होते. त्यांनी औद्योगिक कलहांचे बिल आणले आणि काही परिस्थितीत संप हा गुन्हा ठरवला. बाबासाहेब त्यावर बोलले ते अस्सल उदारमतवादी युक्तिवाद घेऊन. कायद्याप्रमाणे नोकरीचा करार मोडणे हा गुन्हा नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते. का नाही? कारण माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. मग एकटा माणूस काम सोडतो ते गुन्हा नाही आणि शंभर माणसे मिळून सोडतात तो गुन्हा, हे कोणत्या न्यायाने? तुम्ही स्वातंत्र्याचा हक्क पवित्र मानत असाल तर संपाचा हक्कही तितकाच पवित्र आहे. स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या बिलाविरुद्ध संप घडवला. मालकांच्या हातातले कराराचे शस्त्र हिसकावून बाबासाहेबांनी ते कामगारांच्या हातात दिले. म्हणून म्हणतो, बाबासाहेबांनी उदारमतवाद फेकून दिला नाही. त्यांनी तो मालकाच्या तावडीतून सोडवला.

या सगळ्याचा निचोड 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ सालच्या निवेदनात आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी ते तयार झाले. आपल्याकडे त्याचा उल्लेख 'राज्य समाजवाद' एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो. परंतु त्याची सुरुवात समाजवादापासून होत नाही, व्यक्तीपासून होते. राजकीय लोकशाही चार गृहीतांवर उभी असते, असे बाबासाहेब तेथे मांडतात. व्यक्ती हेच साध्य आहे. व्यक्तीचे काही हक्क हिरावून घेता येत नाहीत आणि ते घटनेने राखले पाहिजेत. कोणतीही सवलत मिळवण्यासाठी माणसाला आपले घटनात्मक हक्क सोडावे लागू नयेत. आणि चौथे, एका माणसावर राज्य करण्याची सत्ता सरकारने दुसऱ्या खासगी माणसाकडे सोपवू नये.

पहिली दोन कोणताही मिलचा चेला मान्य करील. खरी मेख तिसऱ्या आणि चौथ्यात आहे. बाबासाहेब विचारतात, बेकार माणसाला समजा अशी नोकरी मिळाली की तासांचा ठिकाणा नाही, पगाराचा भरवसा नाही, युनियनमध्ये जायला बंदी, तर तो काय निवडेल? भुकेची, घर जाण्याची, पोरांना शाळेतून काढण्याची भीती ज्याच्या मानगुटीवर बसली आहे तो आपले हक्क विकून नोकरी घेईल. आणि मग ज्याने नोकरी दिली तो त्याच्यावर राज्य करील. सरकारने अंग काढून घेतले म्हणजे जे उरते त्याला स्वातंत्र्य म्हणतात, पण ते स्वातंत्र्य कोणाचे? खंड वाढवण्याचे जमीनदाराचे, तास वाढवण्याचे आणि मजुरी घटवण्याचे भांडवलदाराचे. सरकारच्या ताब्यातून सुटका म्हणजे खासगी मालकाच्या हुकूमशाहीला मोकळे रान, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४४ साली, हायेक यांचे पुस्तक गाजत होते; सरकारने अर्थकारण हातात घेतले की गुलामी आलीच, असे त्यात प्रतिपादन होते. हायेक तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येच प्राध्यापक होते, जेथे बाबासाहेबांनी डी.एस्सी. मिळवली. एकाच संस्थेतून दोन वाटा फुटल्या. हायेकना सरकार दिसले. बाबासाहेबांना सरकारही दिसले आणि खोतही दिसला.

सरकारही दिसले, हे मी मुद्दाम म्हणतो. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याकडे द्यावी असे सांगताना त्यांनी हुकूमशाहीची वाट नाकारली. संसदीय लोकशाही कायम राहावी आणि ही आर्थिक रचना घटनेतच लिहावी, म्हणजे आजचे बहुमत उद्या ती उलटवू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. सामुदायिक शेतीची त्यांची योजना आपल्या देशात यशस्वी झाली असती का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण तर १९५६ साली, त्यांच्या हयातीतच झाले. योजनेचा तपशील बाजूला ठेवा. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र कोणालाही बाजूला ठेवता येत नाही.

संविधान सभेने राज्य समाजवाद घेतला नाही. परंतु एक गोष्ट संविधानात आली आणि तिची महती आपल्याच लोकांनी पुरेशी ओळखलेली नाही. जगातल्या बहुतेक जुन्या घटनांमधील मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्ध असतात. आपल्या संविधानातील काही हक्क शेजाऱ्याविरुद्ध, दुकानदाराविरुद्ध, मालकाविरुद्ध आहेत. कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावे आहेत. तलाव हा शब्द देशाच्या संविधानात का यावा? महाडला ज्यांची डोकी फुटली त्यांनी तो तेथे लिहिला आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली ती सरकारपुरती नव्हे, सर्वांकरिता. कलम २३ ने वेठबिगारी बंद केली, मग ती घेणारा तहसीलदार असो की बागाईतदार. दिल्लीत एशियाडच्या बांधकामावर ठेकेदारांनी मजुरांना किमान वेतन दिले नव्हते, त्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला लावणे ही वेठच आहे, कारण भूक हीसुद्धा सक्ती आहे. १९०५ सालच्या अमेरिकन निकालाला यापेक्षा चांगले उत्तर मिळणे कठीण.

पण न्यायालये नेहमी त्याच वाटेने गेली असे नाही. मुंबई राज्याने १९४९ साली जातीतून वा पंथातून माणसाला वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध मताचे होते. वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांना दिसले. बहुमताला पंथाचे स्वातंत्र्य दिसले, पंथातल्या माणसाचे दिसले नाही. तो निकाल बरोबर होता की नाही, हा प्रश्न २०२३ साली पाच न्यायमूर्तींनी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना सांगितले होते की, या संविधानाने गाव बाजूला सारून व्यक्ती हा घटक मानला याचा मला आनंद आहे. गावाच्या जागी पंथ, जात, समाज असे कोणतेही नाव घाला, अर्थ बदलत नाही.

आजच्या दिवसात हे कोठे येऊन भिडते ते पाहू. २०२० साली मंजूर झालेली औद्योगिक संबंध संहिता इतर तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी लागे. ती मर्यादा तीनशेवर गेली. संपासाठी चौदा दिवस आधी नोटीस देण्याचे बंधन पूर्वी सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होते, ते आता सगळ्यांना झाले. समर्थन काय? उद्योगांना मोकळीक हवी. १९३८ साली बाबासाहेब ज्या बिलावर तुटून पडले त्याचीच ही नातवंडे आहेत. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटा समूहाकडे गेली. त्या दिवसापासून तेथे आरक्षण देण्याचे बंधन संपले. कोणी आरक्षण रद्द केले नाही, संविधानातला एक शब्द बदलला नाही, मोर्चा काढायला कारण दिले नाही. जागाच सरकारच्या अंगणातून उचलून खासगी अंगणात ठेवली.

आणि ठेकेदारी! बाबासाहेबांचे चौथे गृहीत येथे रोज पायदळी तुडवले जाते. गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटार नगरपालिकेचे, घाण शहराची, पण माणूस ठेकेदाराचा. तो गुदमरून मेला की नगरपालिका म्हणते, तो आमचा कर्मचारी नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पैसा वाढला. उतरणारा मात्र बहुधा त्याच जातींचा राहिला. तो उतरला तेव्हा कोणी त्याच्यावर बंदूक रोखली नव्हती, त्याने आपल्या मर्जीने पाचशे-हजाराचा करार केला होता, असे पुस्तकी उदारमतवादी म्हणेल. त्या माणसाला 'स्वतंत्र' म्हणण्यासाठी किती जाड कातडी लागत असेल!

म्हणून मग सरकारला हवी तेवढी सत्ता द्यावी काय? नाही. आपल्यातल्या ज्यांना व्यक्तिस्वातंत्र्य हे चोचले वाटतात त्यांनी येथे थांबून विचार करावा. खैरलांजीनंतर २००६ साली रस्त्यावर उतरलेल्या आपल्या पोरांवर ज्या केसेस पडल्या, त्या कोणत्या सत्तेने टाकल्या? डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, जयंतीच्याच दिवशी, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. अडीच वर्षे गेली आणि खटला उभाही राहिला नव्हता. मुंबई हायकोर्टाने जामीन देताना, दहशतवादी कृत्याचा पुरावा सकृद्दर्शनी दिसत नाही, असे म्हटले. त्यांच्या मतांशी आपले कितीही मतभेद असोत, ही अडीच वर्षे त्यांना कोण परत देणार? जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांची व्याख्या त्यात इतकी सैल आहे की सरकारला न आवडणारी कोणतीही संघटना तीत बसवता येईल. लॉक आणि मिल ज्यासाठी लिहीत होते ते हेच. कलम ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले ते उगीच नव्हे. राजाचा हात बांधून ठेवायला आणि मालकाचा हात धरायला, दोन्हींसाठी एकच संविधान वापरावे लागणार आहे.

आणखी एक बोचरी गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी मिलचाच दाखला दिला होता: कितीही थोर माणूस असो, आपली स्वातंत्र्ये त्याच्या चरणी वाहू नका. राजकारणात भक्ती आली की हुकूमशाहीची वाट मोकळी होते. हा इशारा आपण दुसऱ्या पक्षांच्या भक्तांना ऐकवतो आणि आपल्या गटातटांच्या नेत्यांपुढे मात्र माना डोलावतो. नेत्याने सकाळी एक युती केली, संध्याकाळी दुसरी केली, विचारणारा कोणी नाही. जो विचारतो तो गद्दार. वस्तीतली एखादी मुलगी आपल्या मर्जीने लग्न ठरवते तेव्हाही आपल्यातले किती बाप तिला व्यक्ती मानतात? हिंदू कोड बिल रखडले म्हणून मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे फोटो तर प्रत्येक घरात आहेत.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली होती आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्राने असा कायदा केला २०१६ साली, म्हणजे एकोणसत्तर वर्षांनी. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. एका माणसाचे दुसऱ्यावरचे खासगी राज्य सरकारने मोडावे, या तत्त्वाचा इतका सरळ कायदा देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण वाळीत पडलेल्या माणसाला तक्रार द्यायची ती त्याच पोलीस ठाण्यात, जेथे सरपंचाची उठबस असते. या कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर आपल्या तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्यायला पंचायत समितीकडे एक अर्ज पुरतो. तो अर्ज समाज मंदिरातल्या येत्या रविवारच्या बैठकीत लिहिता येईल.